कुत्र्याला घेऊन दापोलीत: खोली नंतर, आधी आवार बघा

पुण्याहून कुत्र्याला सोबत घेऊन कोकणात राहायला जायचं तर दापोली तालुका सोयीचा पडतो. मुरूड, कर्दे, लाडघर, आंजर्ले, केळशी अशी लांब पुळणीची (वाळूच्या किनाऱ्याची) गावं, आगरातली, म्हणजे नारळी-पोफळीच्या बागेतली कौलारू घरं, आणि गाडीने साधारण सहा तासांचं अंतर. जायचे महिने नोव्हेंबर ते फेब्रुवारी. मार्चपासून दमट उकाडा सुरू होतो आणि पावसाळ्यात चिखल, बेडूक, लेप्टो (उंदरांच्या मुतातून पसरणारा ताप) असं सगळं एकदम येतं. हा मजकूर तीस किलोच्या तब्येतीने धडधाकट लॅब्रॅडोरला धरून लिहिला आहे. पग, फ्रेंच बुलडॉग अशा चपट्या नाकाच्या कुत्र्यांना जानेवारी सोडून इथे आणूच नये. दमट हवेत धापा टाकून अंग थंड करणं त्यांना जमत नाही.

घर ठरवताना ‘पेट फ्रेंडली’ या शब्दावर जाऊ नका. बहुतेक ठिकाणी त्याचा अर्थ ‘कुत्रा आणला तर हाकलणार नाही’ एवढाच असतो. फोटोत खोली, पलंग, बाथरूम दिसतं. कुत्र्याचा दिवस मात्र अंगणात आणि आगरात जातो. मालकांना सांगा, मोबाइलवर व्हिडिओ कॉल लावून हद्दीच्या कडेने एक फेरी मारून दाखवा. दहा मिनिटांचं काम असतं, आणि ते करायला जे कां-कू करतात त्यांचं घर सोडून द्यावं.

त्या फेरीत काय बघायचं? पहिला गडगा, म्हणजे आवाराची भिंत. दगडांचा रचीव गडगा तीनेक फूट उंच असतो, आणि आतून पाचोळा साचून तो दोन फुटांवर आलेला असतो. लॅब तो सहज उडी मारून ओलांडतो. मध्ये ढासळलेली जागा असली तर गावातली कुत्री तिथूनच ये-जा करतात. दुसरं फाटक. लाकडी बेड्याच्या खालच्या फटीतून बीगलएवढं कुत्रं सरपटत बाहेर पडतं. तिसरी, आणि सगळ्यात महत्त्वाची, विहीर. आगरातल्या जुन्या विहिरींना कठडा नसतो किंवा फूटभरच असतो, वर झावळ्या पडलेल्या असतात. शिंपण्यासाठी प्लास्टिक अंथरून केलेलं तळं असेल तर ते विहिरीइतकंच वाईट. ओल्या प्लास्टिकवर नखं टेकत नाहीत, पोहता येणारं कुत्रंही दमून बुडतं. यांतलं काहीही असलं तर कुत्रं आवारात मोकळं सोडायचं नाही, दहा मीटरची दोरी लावायची. दोरी आंब्याला किंवा पडवीच्या खांबाला बांधा, माडाला नाही. नारळ आणि झावळ विचारून पडत नाहीत.

मग मालकांना चार प्रश्न. कोंबड्या मोकळ्या असतात का? घरचं कुत्रं आहे का, नर की मादी? उंदरांचं औषध कुठे ठेवलंय? आणि बागेत फवारणी कधी झाली? हापूसला मोहोर येण्यापासून फळ धरेपर्यंत कीटकनाशकांच्या फवारण्या चालतात. कुत्रं ओल्या गवतातून चालतं आणि मग पाय चाटत बसतं. फवारणी त्याच आठवड्यात असेल तर तारीख बदला किंवा बागेकडचा भाग पूर्ण वर्ज्य करा. शेजारी काजू असेल तर फेब्रुवारीअखेरपासून खाली पडलेल्या बियांवर नजर हवी. बोंडू (काजूचं फळ) खाल्ला तर फारसं बिघडत नाही, पण कच्ची काजूबी चावली तर टरफलातल्या तेलाने ओठ आणि जीभ भाजते, फोड येतात, लाळ गळत राहते. पाण्याने भरपूर धुवा आणि डॉक्टरला दाखवा. आंब्याची कोय आणि नारळाचं सोडण (काथ्याचं टरफल) ही चघळायला दिलेली खेळणी नव्हेत. दोन्ही आतड्यात अडकतात.

रात्री कुत्रं खोलीत झोपणार, हे बुकिंगच्या वेळीच ठरवून घ्या. ‘पडवीत बांधा, आमचा पण तिथेच असतो’ हे उत्तर चालणार नाही. तालुक्यात बिबट्याचा वावर आहे, आणि वस्तीजवळच्या बिबट्याचं कुत्रं हे आवडतं भक्ष्य. अहिल्यानगर (अहमदनगर) जिल्ह्यातल्या अकोले भागातल्या अभ्यासात बिबट्याच्या आहारातला सर्वांत मोठा वाटा पाळीव आणि भटक्या कुत्र्यांचाच निघाला होता. अंधार पडल्यावर लघवीला नेतानाही साखळी आणि बॅटरी हवी, आणि अंगणाच्या पुढे जाऊ नये. खोलीत नेताना आपली चादर, आपला टॉवेल न्यावा आणि पाय पुसूनच आत घ्यावं. पुढच्या कुत्रेवाल्याला घर मिळणं त्यावर ठरतं.

रस्ता चांदणी चौक, पौड, मुळशी, ताम्हिणी, निजामपूर, माणगाव. पुढे लोणेरे, आंबेत, मंडणगड. निघण्याआधी घाटाची आणि पुलांची स्थिती घरमालकांनाच विचारा, नकाशापेक्षा त्यांना ताजी माहिती असते. कुत्र्याला निघायच्या तीन-चार तास आधी हलकं खाणं द्या, त्यानंतर फक्त पाणी. ताम्हिणीत वळणं सलग आहेत, ओकणाऱ्या कुत्र्यासाठी उलटीची गोळी आधीच डॉक्टरकडून लिहून घ्यावी. दर दोन तासांनी थांबा घ्या, पण घाटातल्या धबधब्यांच्या थांब्यांवर नको. तिथे खायला घालून सोकावलेली माकडं असतात, ती कुत्र्याला फाडतात. ताम्हिणी अभयारण्य आहे, साखळी सोडायची नाही. जेवायला थांबलात तर एकाने गाडीपाशी राहायचं. बाहेर ३० अंश असताना बंद गाडीत दहा मिनिटांत चाळिशी गाठली जाते, काच बोटभर उघडी ठेवून काही फरक पडत नाही. रेल्वेने खेडला उतरायचं असेल तर फर्स्ट एसीचा अख्खा कूपे (बंद कप्पा) घ्यावा लागतो. बाकी वर्गांत कुत्रं नेता येत नाही आणि गार्डच्या डब्यातल्या पेटीत इतका वेळ ठेवण्यात अर्थ नाही.

समुद्रावर कधी जायचं हे घड्याळापेक्षा तिथीवर ठरतं. कोकणातला हिशोब सोपा आहे: तिथीला तीनने गुणा, चारने भागा, येईल तो पूर्ण भरतीचा तास. चतुर्थीला तीन, म्हणजे सकाळी नवाच्या सुमारास पूर्ण ओहोटी. सातला गेलात तर पाणी मागे हटत असतं, ओली घट्ट पुळण रुंद मिळते. एकादशीला सव्वाआठ येतात. त्या सकाळी पाणी थेट वर चढतं, उरते सुरूच्या झाडांलगतची मऊ पट्टी, आणि तिथेच टपऱ्या, गाड्या आणि टपऱ्यांवर पोसलेली कुत्री. अशा दिवशी दुपार कलल्यावर निघावं, पण वाळू निवल्यावर. वाळूवर तळहाताची मागची बाजू सात सेकंद टेकवता येत नसेल तर पंजेही टेकवू नका. शनिवार-रविवारी मुरूड-कर्द्याला पुळणीवर गाड्या फिरतात, घोडे असतात. ते दोन दिवस लाडघर किंवा आणखी दक्षिणेकडचं गाव बरं.

वस्तीतली कुत्री चार-पाचच्या टोळीने येतात, भुंकतात आणि बहुतेक वेळा आपली हद्द संपली की थांबतात. आपलं कुत्रं उचलून घेऊ नका, पळू नका. साखळी आखूड धरून पाण्याच्या कडेने चालत राहा. आपली मादी माजावर असेल तर सहलच पुढे ढकला. चावा झालाच तर जखम वाहत्या पाण्याने साबण लावून पंधरा मिनिटं धुवा. रेबीजची लस चालू असली तरी बूस्टर लागतो.

पुळणीवर खरा धोका मासळीच्या कचऱ्याचा. जाळी झाडून झाल्यावर शिंगाळ्याचे काटे, गळ, तुटलेली दोरी तिथेच पडते. शिंगाळ्याचा काटा पंजात शिरला की करवतीसारखे दाते उलटे अडकतात, ओढून काढायला जाऊ नका. किनाऱ्याला लागलेला केंड मासा फुगलेला, चेंडूसारखा दिसतो. तो मेलेला असला तरी विष जात नाही, आणि त्या विषावर उतारा नाही. म्हणून ‘सोड’ ही आज्ञा पक्की नसेल तर तोंडाला जाळीची मुसकी घाला, तिच्यातून धापा टाकता येतात. हर्णैच्या मासळी लिलावाला कुत्रं नेऊच नका. दोरी लावून खेळवताना चेंडूऐवजी तरंगणारी काठी फेका, कारण ओल्या चेंडूबरोबर दर वेळी चमचाभर वाळू पोटात जाते. खारं पाणी प्यायलं की जुलाब लागतात, जास्त प्यायलं तर लडखडणं आणि झटके. दर दहा मिनिटांनी गोडं पाणी पुढे करा. तीस किलोच्या कुत्र्याला एरवी दिवसाला दीड ते दोन लिटर पुरतं, इथे त्याच्या दुप्पट धरा. परतल्यावर विहिरीच्या पाण्याने पोट, पंजे, कान धुवून कोरडे करा.

कासवांबद्दल मात्र तडजोड नाही. चिपळूणच्या सह्याद्री निसर्ग मित्र संस्थेने २००२ साली मंडणगड तालुक्यातल्या वेळासला ऑलिव्ह रिडले कासवांच्या घरट्यांचं रक्षण सुरू केलं, आणि आता आंजर्ले, केळशी, कोळथऱ्यापर्यंत गावकरी ते करतात. नोव्हेंबर ते मार्च माद्या रात्री अंडी घालायला वर येतात, एका घरट्यात शंभरच्या आसपास. पिल्लं ४५ ते ६० दिवसांनी निघतात. कुत्र्याला वासावरून घरटं मिनिटभरात सापडतं आणि उकरायला आणखी एक. या महिन्यांत सूर्यास्तानंतर आणि पहाट फुटेपर्यंत पुळणीवर कुत्रं नको, दिवसाही साखळीशिवाय नको, हॅचरीच्या (अंडी राखायच्या जागेच्या) कुंपणाकडे तर मुळीच नको. वेळासचा कासव महोत्सव बघायचा असेल तर कुत्र्याला घरी ठेवून या.

घरगुती जेवणात कांदा, लसूण, मीठ, खोबऱ्याचं वाटण असतंच. कुत्र्यासाठी बिनमिठाचा भात आणि उकडलेली अंडी आदल्या दिवशी सांगून ठेवा. सुकं खाणं घट्ट झाकणाच्या डब्यात ठेवा आणि भांडं पाण्याच्या ताटलीत, नाहीतर मुंग्या अर्ध्या तासात डेरा टाकतात.

औषधांची तयारी महिनाभर आधी. लेप्टोची लस पहिल्यांदाच देत असाल तर दोन ते चार आठवड्यांच्या अंतराने दोन डोस लागतात, म्हणून आदल्या आठवड्यात धावून उपयोग नाही. गोचिडांची गोळी निघण्याआधी दोन-तीन दिवस द्या. घरमालकांकडे मांजर असेल तर गोचिडांवरचं पर्मेथ्रिनचं औषध कुत्र्याच्या अंगावर घालू नका, मांजराला ते जिवावर बेततं. दापोलीतल्या दोन डॉक्टरांना आधी फोन करून नेमकं विचारा: कुत्र्याला सलाइन लावता का, रात्री येता का, सर्पदंशाचं इंजेक्शन साठ्यात आहे का. कातळावर आणि पाचोळ्यात फुरसं असतं. त्याच्या विषाने रक्त गोठत नाही, पण सुरुवातीला नुसती सूज दिसते आणि हिरड्यांतून रक्त नंतर येतं. कुत्र्याला चालवू नका, उचलून न्या. आवळून बांधणं, चिरणं, चोखणं काही नको. नाग, मण्यार, घोणस, फुरसं या चारींवर माणसांचंच इंजेक्शन कुत्र्यालाही चालतं.

परत आल्यावर रोज रात्री कानांच्या आत, काखेत, बोटांच्या बेचक्यांत हात फिरवून गोचीड शोधा. चिमट्याने कातडीलगत धरून सरळ ओढा, रॉकेल किंवा काडी नको. गोचीडताप एक ते तीन आठवड्यांनी उमटतो: खाणं कमी, ताप, सुस्ती, कधी नाकातून रक्त. त्या काळात यांतलं काहीही दिसलं तर डॉक्टरांना कोकणात जाऊन आल्याचं आधी सांगा आणि प्लेटलेट्ससह रक्ततपासणी त्याच दिवशी करून घ्या.