तुम्ही विचारलंत म्हणून: पैसेच द्यायचे तर चालता कशाला?

गरजू पेशंटसाठी पैसे जमवायला आम्ही काहीजणी चालतो, म्हणून लग्नात, बँकेच्या रांगेत, भाजी घेताना, प्रश्न तोच. “डायलिसिसच्या पेशंटसाठीच ना? मग थेट देऊन टाका की! साताऱ्याहून कासला चालत जाऊन परत यायचं, पन्नासेक किलोमीटर, कोणी सांगितलंय?”

कोणीच नाही. पण आम्ही चाललेल्या किलोमीटरमागे दहा रुपये लिहून देणारा माणूस नुसते पाचशे मागितल्यावर कसा बघतो, ते एकदा मागून बघा.

आता खरं सांगते. पहाटे साडेचारला घराबाहेर पडायचं तर आमच्या वयाच्या बाईला कारण लागतं. “मला चालावंसं वाटतं” हे कारण घरात चालत नाही, “गरिबांसाठी” चालतं. पूर्वी अशा चालणाऱ्यांना मीच “हौस भारी” म्हणायचे. हौस आहेच. मग बिघडलं काय?

मधल्या वारी अजिंक्यतारा, रविवारी समर्थ मंदिरावरून यवतेश्वर घाट, जमलं तर पुढे पेट्री गावापर्यंत, असा आमचा सराव. कास साताऱ्याहून चारशे मीटरच्या वर उंच, म्हणून सगळे चढाचीच धास्ती घेतात. चढाला फक्त दम लागतो. उतारावर मात्र दर पावलाला मांडीला सगळ्या वजनाचा ब्रेक लावावा लागतो, मांडी थकली की भार गुडघ्यावर.

आमच्याबरोबर चालणाऱ्या ताईचं तसंच झालं. यवतेश्वरहून उतरताना मधल्याच एका वळणावर ती कठड्यावर बसली ती उठेना. गुडघ्याची वाटी सुजून दिसेनाशी झालेली. मी राजगिऱ्याचा लाडू पुढे केला, तिने तो नुसता हातात धरला. खाली सातारा उन्हात दिसत होता, कासला निघालेल्या गाड्या हॉर्न मारत जात होत्या. तिचा मुलगा मोटारसायकल घेऊन आला. आईशी एक शब्द नाही, मला म्हणाला, “मावशी, पुण्य तुमचं आणि गुडघा आमच्या आईचा, होय?” ताई खाली मान घालून मागे बसली. लाडू तिच्या मुठीत तसाच.

त्याला काय उत्तर द्यायचं? तिला कोणी ओढून नेलं नव्हतं. पण “पेट्रीपर्यंत जाऊच” हे मीच म्हणाले होते, आणि ती नाही म्हणणारी नव्हे.

दुसऱ्या दिवशी ताईने तिच्या वाटची सगळी रक्कम पाठवून दिली. म्हणजे तुम्ही सांगता तेच केलं: थेट दिले, चालली नाही. संध्याकाळी फोन आला. “पैसे पोचले ना गं?” पोचले म्हटलं. मग बराच वेळ काही बोलेना. शेवटी म्हणाली, “अजिंक्यताऱ्यावरच्या मंगळाईच्या देवळापर्यंत तरी येऊ का? हळूहळू?”

डॉक्टरला विचार, म्हटलं. मुलाला विचार म्हणायचं मुद्दाम टाळलं. बरोबर केलं का, ठाऊक नाही.

बाकी तुमचा मुद्दा मान्य, थेट दिलेले केव्हाही चांगले. पावतीपुस्तक पिशवीतच आहे. किती लिहू?