एसडीजीच्या सतरा गोल्सपैकी नेमकं काय हलतंय?

एसडीजी, म्हणजे यूएनचे सस्टेनेबल डेव्हलपमेंट गोल्स (शाश्वत विकासाची उद्दिष्टं), म्हटलं की बहुतेकांना ते रंगीत चक्र आठवतं, कंपन्यांच्या वार्षिक रिपोर्टमध्ये असतं ते, नाहीतर नेतेमंडळींच्या कोटावरची पिन. २५ सप्टेंबर २०१५ ला न्यूयॉर्कमध्ये १९३ देशांनी मिळून हे ठरवलं, १७ गोल्स, त्यांच्या पोटात १६९ टार्गेट्स, आणि तारीख सगळ्यांना एकच, २०३० (जवळजवळ एकच, त्याची गंमत पुढे सांगतो). आता ती तारीख तोंडावर आलीये आणि दरवर्षी जुलैच्या आसपास यूएनचा रिपोर्ट आला की हेडलाइन तीच, जग मागे पडलं. २०२४ च्या रिपोर्टमध्ये फक्त १७ टक्के टार्गेट्स वेळेत होतील अशी होती. २०२५ च्या रिपोर्टमध्ये तर १८ टक्के टार्गेट्स २०१५ च्याही मागे गेलेली निघाली.

खरं सांगायचं तर या एकूण टक्केवारीतून मला काहीच कळत नाही. मलेरिया, मासेमारी, शाळेतली मुलं, परदेशातून घरी पैसे पाठवायची फी (हो, ती ३ टक्क्यांच्या खाली आणायची हे पण एक टार्गेट आहे, १०.सी), या सगळ्यांची सरासरी काढून काय मिळणार? म्हणून मी हल्ली उलटं करतो, एकेक टार्गेट उचलायचं आणि बघायचं की हे जगात कुठे खरंच झालं का, आणि झालं तर ते कुणी केलं, आणि त्याला त्यातून काय मिळालं. हा शेवटचा प्रश्न महत्त्वाचा आहे, रिपोर्टमध्ये तो फारसा विचारलेला दिसत नाही.

यादी एवढी लांब का झाली त्यालाही कारण आहे. याच्या आधीचे एमडीजी (मिलेनियम डेव्हलपमेंट गोल्स) होते, २००० ते २०१५, फक्त ८ गोल्स, आणि ते बऱ्यापैकी यूएनच्या आतल्याच लोकांनी बसून लिहिलेले, त्यामुळे गरीब देशांची तक्रार होती की आम्हाला विचारलंच नाही. मग कोलंबिया आणि ग्वाटेमालाने पुढाकार घेतला, २०१२ ला रिओच्या परिषदेत ठरलं की नवे गोल्स सगळ्या देशांनी मिळून लिहायचे आणि ते श्रीमंत देशांनाही लागू असतील. ३० जागांचा ग्रुप केला, त्या ३० जागा ७० देशांनी वाटून घेतल्या, आणि मग लग्नाच्या यादीचं होतं तेच झालं, याला घेतलं तर त्याला का नाही. पण म्हणून ते चुकलं असं मी म्हणणार नाही. आठच गोल्स होते तेव्हा त्यात वीज नव्हती, विषमता नव्हती.

आता मुद्द्याचं. मला जे दिसतं ते असं, की टार्गेट तिथेच हलतं जिथे प्रत्यक्ष काम करणाऱ्याला त्याचा फायदा (नाहीतर न केल्याचा भुर्दंड) स्वतःच्या डोळ्यांनी आणि लवकर दिसतो. जिथे राबायचं एकाने आणि फायदा दुसऱ्याला किंवा तिसऱ्या पिढीला, तिथे पिन लावून फोटो काढले जातात.

माझं सगळ्यात आवडतं उदाहरण नारूचं. ३.३ नंबरच्या टार्गेटमध्ये एड्स, टीबी, मलेरियाच्या शेजारी 'दुर्लक्षित उष्णकटिबंधीय आजार' असा एक शब्दप्रयोग आहे, त्यात नारू येतो. १९८६ च्या सुमाराला दरवर्षी अंदाजे ३५ लाख लोकांना नारू व्हायचा, आफ्रिका आणि आशियातल्या वीसेक देशांत. तळ्याचं किंवा पायविहिरीचं पाणी प्यायलं की त्यातल्या बारीक जलपिसवांबरोबर अळ्या पोटात जातात, साधारण वर्षभर काही कळत नाही, आणि मग पायाला फोड येऊन त्यातून हातभर, कधी त्याहून लांब जंत बाहेर यायला लागतो. तो ओढून काढता येत नाही, तुटतो, म्हणून काडीला गुंडाळत गुंडाळत रोज थोडा थोडा काढायचा. आग इतकी होते की माणूस पाय पाण्यात बुडवतो, आणि बुडवला की जंत त्याच पाण्यात अळ्या सोडतो, झालं, चक्र पूर्ण. यावर लस नाही, औषध नाही. आणि तरी २०२४ मध्ये जगभरात माणसांमधल्या केसेस होत्या १५. पंधरा लाख नाही, पंधरा!

हे कसं झालं तर फडक्याने. पाणी बारीक कापडातून गाळायचं, गळ्यात अडकवायच्या गाळणीच्या नळ्या वाटायच्या, नारू झालेल्या माणसाला पाण्यात उतरू द्यायचं नाही, आणि केस कळवणाऱ्याला बक्षीस द्यायचं. अमेरिकेचे माजी अध्यक्ष जिमी कार्टर यांच्या संस्थेने हे लावून धरलं, पण रोजचं काम गावातल्याच व्हॉलंटियर्सनी केलं. १९९५ मध्ये सुदानमध्ये यादवी चालू असताना कार्टरनी मध्यस्थी करून जवळपास सहा महिने युद्धबंदी करवली, का, तर गावागावांत फिल्टर पोचवता यावेत. आपल्याकडची शेवटची केस १९९६ ची आहे, आणि २००० साली डब्ल्यूएचओने भारत नारूमुक्त असं सर्टिफिकेट दिलं.

यात फायद्याचा मुद्दा कुठे आला? तर नारू नेमका शेतीच्या हंगामात आठवडेच्या आठवडे झोपवतो, म्हणजे पेरणी गेली नाहीतर कापणी गेली. एका वर्षी फडकं नीट वापरलं तर पुढच्या वर्षी घरात कुणी झोपून नाही, एवढा सरळ हिशोब. आता अडलंय ते कुत्र्यांपाशी. चाडमध्ये नदीकाठची कुत्री माशांची घाण खातात आणि त्यांनाही नारू होतो, म्हणून कुत्रं बांधून ठेवणाऱ्यालाही पैसे देतात. ऐकायला विचित्र वाटतं पण डोकं तेच, कुत्रं बांधायचा त्रास ज्याला त्याच्या हातात काहीतरी पडलं पाहिजे. (अर्थात एसडीजीला याचं श्रेय द्यायला नको, नारू संपवायची पहिली डेडलाइन १९९५ ची होती, ती हुकली, नंतरच्याही हुकल्या, आत्ताची २०३० आहे.)

दुसरं उदाहरण नायजरचं, नायजेरिया नाही, त्याच्या वरचा नायजर. सहाराच्या दक्षिण काठावरचा हा पट्टा, तिथे वर्षानुवर्षं रोपं आणून लावायची आणि ती मरायची, पुन्हा आणायची पुन्हा मरायची असं चाललेलं. १९८० च्या दशकात टोनी रिनॉडो नावाच्या ऑस्ट्रेलियन कृषितज्ज्ञाच्या लक्षात आलं की शेतात जी झुडपं दिसतायत ती झुडपं नाहीतच, ते तोडलेल्या झाडांचे फुटवे आहेत, मुळं खाली जिवंत आहेत. म्हणजे नवीन झाड लावायची गरजच नाही, चार चांगले फुटवे ठेवायचे, बाकीचे छाटायचे आणि राखायचं. पद्धत इतकी साधी की फुकट म्हटली तरी चालेल. पण ती लगेच पसरली का, नाही. १९८४ च्या दुष्काळात धान्याच्या बदल्यात लोकांना झाडं राखायला लावली आणि धान्य बंद झाल्यावर बरीचशी झाडं परत तोडली गेली.

खरी अडचण होती की झाड कुणाचं. वसाहतीच्या काळापासून कायद्याने झाडं सरकारची, म्हणजे शेत माझं, राखण माझी, आणि फांदी तोडली तर दंडही मलाच. असं असेल तर शहाणा शेतकरी झाड वाढूच देणार नाही. पुढे वनखात्याने हळूहळू डोळेझाक करायला सुरुवात केली, कायदा सावकाश मागून आला, आणि शेतातलं झाड आपलं असं लोकांना वाटायला लागलं. मग चारा, सरपण, वाऱ्याला आडोसा हे सगळं दोनतीन वर्षांतच मिळायला लागलं. तिथलं गाओ नावाचं झाड तर मोठं हुशार, ते पावसाळ्यात पानं गाळतं, त्यामुळे पिकावर सावली पडत नाही. अंदाज असा आहे की ५० लाख हेक्टरवर मिळून २० कोटी झाडं वाढली, आणि मजा म्हणजे जगाला हे कळलं २००० नंतर, जेव्हा अभ्यासकांनी जुने विमानातून काढलेले फोटो आणि उपग्रहाचे फोटो शेजारी ठेवून पाहिले. कुठलंही टार्गेट नाही, इंडिकेटर नाही. शेजारीच आफ्रिकन युनियनची 'ग्रेट ग्रीन वॉल' आहे, सहाराच्या काठाने हिरवा पट्टा उभा करायची योजना, २००७ पासून, २०३० पर्यंत १० कोटी हेक्टर सुधारायचं लक्ष्य, आणि २०२० च्या आढाव्यात ठरलेल्या पट्ट्यातलं झालेलं काम होतं ४० लाख हेक्टरच्या आसपास. मी वॉलच्या विरोधात नाही, पण हे दोन आकडे शेजारी ठेवून बघा.

बांगलादेशचं सोलर जरा गुंतागुंतीचं आहे. २००३ पासून तिथल्या सरकारी फायनान्स कंपनीने गावोगावच्या संस्थांमार्फत हप्त्यांवर घरगुती सोलर सेट दिले, हप्त्यातला बराच भाग रॉकेल वाचल्यामुळे निघायचा, त्यामुळे लोकांनी आनंदाने घेतले, ४१ लाखांच्या वर सेट, साधारण दोन कोटी लोक. मग सरकारने दुसऱ्या योजनेतून तसेच सेट फुकट द्यायला सुरुवात केली, शिवाय विजेच्या ताराही भराभर पोचायला लागल्या, आणि लोकांनी हप्ते थांबवले, साहजिकच आहे, शेजाऱ्याला फुकट मिळालं तर मी कशाला भरू! २०१८ ला तो प्रोग्राम गुंडाळला. काही जण याला फेल्युअर म्हणतात. मला नाही वाटत, पंधरा वर्षं मुलांनी उजेडात अभ्यास केला ना. पण एक खातं देतं आणि दुसरं खातं त्याचाच बाजार मोडतं हे बघून वाईट वाटतं.

श्रीमंत देशातलं एक घेऊ. १२.३ म्हणतं अन्नाची नासाडी २०३० पर्यंत निम्म्यावर आणा. यूएनच्या अंदाजाने २०२२ मध्ये १०५ कोटी टन अन्न वाया गेलं, आणि त्यातलं ६० टक्के घराघरांतून, हॉटेलं आणि दुकानं नंतर. दक्षिण कोरियाने २००५ पासून खरकटं डम्पिंग ग्राउंडवर टाकायला बंदी घातली आणि २०१३ पासून वजनावर पैसे लावले, सोसायटीतल्या डब्यावर कार्ड टेकवायचं, डबा वजन करतो, बिल घरी येतं. आता तिथलं ९५ टक्क्यांच्या वर खरकटं खत, चारा, गॅस यात जातं, १९९५ ला ते २ टक्के होतं. कोस्टारिकानेही असंच, फक्त उलट्या बाजूने, १९९७ पासून इंधनावरच्या करातून जंगल राखणाऱ्या जमीनमालकाला पैसे द्यायला सुरुवात केली.

आता ती तारखेची गंमत. १६९ पैकी २१ टार्गेट्सची तारीख २०२० होती, हे फार लोकांना माहितीच नाही, कारण त्यातली बहुतेक हुकली आणि कुणी फार आवाजही केला नाही. त्यातलं एक ३.६, रस्ते अपघातांतले मृत्यू २०२० पर्यंत निम्मे करायचे. २०१५ च्या सुमाराला आकडा साडेबारा लाखांचा होता, २०२१ मध्ये ११ लाख ९० हजार. मग काय केलं, ऑगस्ट २०२० मध्ये यूएनच्या आमसभेने ठराव केला आणि तारीख २०३० झाली. संपला विषय. इथे माझा मुद्दा अगदी उघडा पडतो, मरणाऱ्यांत निम्म्याहून जास्त पायी, सायकलवर किंवा मोटरसायकलवर असतात, आणि रस्ता बांधणाऱ्याला त्यांच्या मरण्याने काहीच होत नाही, 'चालकाची चूक' असं लिहिलं की फाइल बंद. स्वीडनने १९९७ मध्ये संसदेत ठरवलं की माणूस चुकणारच, पण चुकला म्हणून मेला तर ती रस्ता डिझाइन करणाऱ्याचीही जबाबदारी. त्यानंतर त्यांनी समोरासमोर टक्कर होऊ नये म्हणून मध्ये तारांचे कठडे घातलेले रस्ते केले, आणि तिथले मृत्यू तेव्हाच्या निम्म्याहून खाली आले. म्हणजे फायदा दिसत नसेल तिथे जबाबदारी अंगावर टाकावी लागते.

समुद्राचं तर विचारूच नका. मासेमारीच्या घातक सबसिड्या बंद करा, १४.६, हेही २०२० चंच. जागतिक व्यापार संघटनेत यावर २००१ पासून बोलणी चालू, करार झाला जून २०२२ ला, लागू झाला १५ सप्टेंबर २०२५ ला, आणि त्यातही मोठ्या बोटींची संख्या वाढवणाऱ्या सबसिड्यांचा भाग पुढच्या फेरीवर ढकललेला. तरी मी याला यश म्हणतो, कारण समुद्रात माझं-तुझं नसतं, तिथे कराराशिवाय दुसरा इलाज नाही.

आणि पैसा. गरीब देशांना दरवर्षी सुमारे ४ लाख कोटी डॉलर कमी पडतायत असं यूएन म्हणतं, त्याच वेळी जगाचा २०२४ चा लष्करी खर्च २.७ लाख कोटी डॉलर. श्रीमंत देशांनी उत्पन्नाच्या ०.७ टक्के मदत द्यायची हे १९७० साली ठरलेलं, २०२४ मध्ये ते पाळणारे चारच, नॉर्वे, लक्झेंबर्ग, स्वीडन, डेन्मार्क. अमेरिकेने मार्च २०२५ मध्ये आमसभेत सरळ सांगितलं की आम्हाला एसडीजी मान्यच नाहीत. निदान स्पष्ट तरी बोलले! ३४० कोटी लोक अशा देशांत राहतात जिथे सरकार आरोग्यावर किंवा शिक्षणावर करतं त्यापेक्षा जास्त खर्च कर्जाच्या व्याजावर करतं, तिथे कुठला गोल घेऊन बसायचं?

सप्टेंबर २०२७ मध्ये यूएनमध्ये '२०३० नंतर काय' यावर बोलणी व्हायचीयेत. नवी यादी येईल किंवा हीच यादी पुढच्या तारखेने येईल, मला दुसरं जास्त शक्य वाटतं. माझी मागणी एवढीच आहे की प्रत्येक टार्गेटपुढे दोन रकाने वाढवा, हे कोण करणार आणि केल्यावर त्याला काय मिळणार. बरेच रकाने रिकामे राहतील, राहू देत, तेवढं तरी छापून येऊ दे. १०.सी चा मात्र लगेच भरता येईल, पैसे पाठवायची सरासरी फी अजून ६ टक्क्यांच्या वरच आहे आणि ती कुणाच्या खिशात जाते हे वाटाघाटीला बसणाऱ्या प्रत्येकाला माहितीये.