प्रत्येक वस्तूची पावती

घणसोलीतल्या माझ्या भाड्याच्या खोलीत एक फाइल आहे. टीव्ही, मिक्सर, मोबाइल, बायकोच्या कानातली फुलं, सगळ्यांची बिलं तिच्यात लावलेली. ही सवय बाबांची. आम्ही फासेपारधी. बार्शीकडे आमच्या गावात कुठे घर फुटलं की रात्री पोलिसांची जीप वस्तीवर यायची. सायकल दिसो की पितळी हंडा, पहिला प्रश्न एकच, ‘कुठनं आणलं?’ बाबांना एकदा शेळीपायी रात्रभर बसवून ठेवलं होतं. शेतकऱ्याच्या दारात, रोख पैसे मोजून घेतलेली शेळी. अशा व्यवहाराची पावती कोण देतं?

इथे मी घरोघरी इंटरनेटची केबल जोडतो. गेटवर फोटो काढतात, नोंद करतात. त्याचं काही नाही, ती सगळ्यांचीच होते. पण आडनाव भोसले ऐकून एखादे काका आपुलकीने विचारतात, ‘कुठले भोसले? पाहुणे कुणीकडचे?’ मी खरं ते सांगतो. मग आतल्या कपाटाची किल्ली फिरते आणि काम होईपर्यंत घरातलं कुणीतरी माझ्यावर लक्ष ठेवून उभं राहतं.

गेल्या पावसाळ्यात आई गावाहून आली. ठाण्याला ट्रान्स-हार्बरच्या फलाटावर माझी वाट बघत बसली होती. फोनवर माझ्याशी आमच्या बोलीत बोलली, तशी शेजारच्या बाईने पर्स पोटाशी धरली. थोड्या वेळाने एक वर्दीवाला आला. मी पोचलो तेव्हा आईची पिशवी फलाटावर पालथी केलेली. ज्वारीचं पीठ, लसणाची चटणी, नातीसाठी आणलेले चांदीचे पैंजण. पैंजण त्याच्या हातात होते. आईने कमरेच्या पिशवीतून सराफाची पावती काढली, घामाने ओली झालेली, चार घड्यांची. त्याने ती दोनदा वाचली, पैंजण तिच्या मांडीवर टाकले आणि निघून गेला. सांडलेलं पीठ आई हाताने गोळा करत राहिली. माझ्याकडे तिने बघितलं नाही.

इंग्रजांनी १८७१ च्या कायद्याने अख्ख्या जमाती गुन्हेगार ठरवल्या. तो कायदा १९५२ साली गेला. १९५९ मध्ये मुंबई राज्याने सराईत गुन्हेगारांचा कायदा आणला आणि नजर आमच्यावरच राहिली. ऑक्टोबर २०२४ मध्ये तुरुंगांतल्या जातिभेदावर निकाल देताना सर्वोच्च न्यायालयाने पोलिसांनाही बजावलं, की विमुक्त जमातींच्या, म्हणजे त्या जुन्या कायद्यातून सुटलेल्या आमच्यासारख्या लोकांना मनमानी अटक होता कामा नये. मी ते बाबांना समजावून सांगितलं. ते म्हणाले, ‘जीपवाल्यांना कुणी सांगितलंय का हे?’

भाची यंदा इथल्या शाळेत जाणार आहे. फॉर्मवर जात लिहायची की नाही, म्हणून बहीण अडली होती. मी म्हटलं, बिनधास्त लिही. शाळा सुरू झाली की तिच्या बाईंना मी स्वतः भेटणार आहे. वर्गात कुणाची कंपासपेटी हरवली तर पहिलं दप्तर हिचं उघडू नका, एवढं सांगायला.