सहा फुटांचा मालधक्का

घरातल्या फळीवर छोटी, मॉडेल रेल्वे मांडायची म्हटले की मनात सर्वांत आधी डेक्कन क्वीन येते, आणि सर्वांत आधी तिलाच नकार द्यावा लागतो. तिचा आताचा एलएचबी बनावटीचा डबा 1:87 या एचओ प्रमाणात, म्हणजे खऱ्याच्या सत्त्याऐंशीव्या हिश्शाएवढा केला, तरी सुमारे सत्तावीस सेंटिमीटरचा होतो. असे सोळा डबे जोडले की गाडी चार मीटरांहून जास्त भरते, म्हणजे इंजिन स्वयंपाकघरात शिरले तरी शेवटचा डबा दिवाणखान्यातच. कोथरूडचे छोट्या रेल्वेचे संग्रहालय पाहून आलेल्या माणसाला घाट, पूल आणि बोगदे सगळेच हवेसे वाटते, हे खरे. पण एचओमध्ये अठरा इंच त्रिज्येचे साधे वळण घ्यायचे तरी तीन फुटांहून रुंद टेबल लागते, आणि आमच्या सदनिकेत तेवढी जागा फक्त पलंगाला मिळाली आहे. शिवाय घाण्याच्या बैलासारखी गोल फिरणारी गाडी दहाव्या फेरीनंतर कोण पाहत बसणार?

अपुऱ्या जागेचे कोडे बोरघाटात फार पूर्वीच सोडवले गेले होते. 1863 मध्ये घाट रेल्वेला खुला झाला तेव्हा खंडाळ्याजवळ गाडी एका टोकाला थांबत असे, इंजिन दुसऱ्या टोकाला लागे आणि उरलेला चढ ती उलट्या दिशेने चढे. वळायला जागा नसेल तर मागे फिरावे, हे तत्त्व सहा फुटांच्या फळीलाही चालते.

म्हणून मी ‘इंगलनूक’ ही जुनी इंग्रजी मांडणी निवडली आहे. तिच्यात दोन सांधे, म्हणजे गाडीला एका रुळावरून दुसऱ्यावर नेणारे जोड, आणि रुळांचे तीन फाटे असतात. एका फाट्यावर पाच आणि उरलेल्या दोहोंवर तीन-तीन मालडबे मावतात, तर शंटिंगच्या, म्हणजे डबे मागे-पुढे करून जुळवण्याच्या, तोंडाशी इंजिन आणि तीनच डबे. आठ डब्यांपैकी पाचांच्या चिठ्ठ्या काढायच्या आणि त्याच क्रमाने गाडी जुळवायची. असे 6720 क्रम संभवतात, त्यामुळे निवृत्तीपर्यंतची सोय झाली. चारचाकी जुने डबे घेतले की हे सारे सहा फुटांत बसते आणि मागे वाल्हे किंवा नीरेसारख्या स्थानकाचा मालधक्का उभा करायला चार बोटे जागाही उरते.

फळी मात्र डोळ्यांच्या उंचीवर हवी, कारण वरून पाहिले की खेळणे दिसते आणि समोरून पाहिले की चाके सांध्यावरून रूळ बदलताना दिसतात. एवढ्या उंचीमुळे खालची सारी भिंत पापड-कुरडयांच्या डब्यांना मोकळी राहते, आणि घरातून मंजुरी मिळाली ती याच कलमावर.