बॉयलरचा काटा आणि आईचा प्रश्न

परवा पहाटे उठलो तर घर गरम ठेवणारे सगळे रेडिएटर गारढोण. इथं इंग्लंडमधल्या रेडिंग गावात बाहेर उणे दोन, आणि स्वयंपाकघरातल्या बॉयलरचा पाण्याचा दाब दाखवणारा काटा ०.४ बारवर (बार हे दाबाचं माप) लोळत पडलेला. सिस्टीम थंड असताना तो १ ते १.५ च्या मध्ये लागतो. फार खाली गेला की बॉयलर पेटतच नाही.

महिनाभरात मी पाणी भरून काटा वर आणायच्या कामात पटाईत झालो होतो. बॉयलरखालच्या स्टीलच्या विणीच्या नळीचे दोन कॉक हळूच उघडायचे, सूंऽऽ आवाज, काटा १.३ वर आला की दोन्ही घट्ट बंद. आधी आठवड्यातून एकदा, आता दिवसाआड. ज्या दुरुस्तीवाल्याला बोलावलं होतं तो "उतरलं की भरा" एवढं सांगून ऐंशी पौंड घेऊन गेला होता.

आई कोल्हापूरहून आलीय. शाल गुंडाळून बघत होती.

"रोज पाणी घालतोस, ते जातंय कुठं?"

"आई, हा काय आपला बंब आहे?"

"बंबातलं निदान आंघोळीला तरी येतं. हे तर आतल्या आतच फिरतं म्हणालास ना?"

बोलती बंद. खरंच, नळाचं गरम पाणी वेगळं. रेडिएटरचं पाणी तेच ते फिरत राहतं. मी कार्पेट उचलून सांधे बघितले, सगळे कोरडे. छोट्या किल्लीनं रेडिएटरची हवा काढली, तर टॉवेलवर काळंकुट्ट पाणी आणि काटा आणखी खाली.

सापडलं आईलाच. भाजीची देठं टाकायला मागं गेली आणि तिथूनच हाक मारली. भिंतीतून बाहेर आलेल्या तांब्याच्या वाकड्या नळीखाली बर्फाची चकती जमली होती.

मग हीटिंग लावून काट्यासमोर उभा राहिलो. १.३, २, २.७... तीनला पोचला आणि बाहेर ठिबक सुरू. पाणी तापलं की फुगतं. त्याला जागा मिळावी म्हणून आत एक टाकी असते, मध्ये रबरी पडदा, पलीकडे हवा. ती हवाच गेली होती. जागा नाही म्हणून तीन बारला सेफ्टी व्हॉल्व्ह पाणी बाहेर टाकायचा, आणि सकाळी मी पुन्हा भरायचो!

इथं बॉयलरच्या पोटात हात घालायचा तर 'गॅस सेफ' या गॅस कारागिरांच्या अधिकृत यादीत नोंद असलेलाच लागतो. तो आला, सिस्टीममधला दाब उतरवला, टाकीची पिन दाबली. सायकलच्या ट्यूबला असते तशीच. नुसती उरलीसुरली हवा आली, पाणी नाही. म्हणजे पडदा शाबूत. पायपंपानं १ बार हवा भरली, ठिबकणारा व्हॉल्व्ह बदलला. नव्या पाण्याबरोबर ऑक्सिजन येतो आणि रेडिएटर आतून गंजतात, काळं पाणी त्याचंच. म्हणून गंजरोधकाची बाटलीही ओतली. जाताना ती विणीची नळी काढून माझ्या हातात दिली: हे घाण पाणी पिण्याच्या पाण्यात उलटं जाऊ नये म्हणून भरून झालं की ती सोडवून ठेवायची असते.

आता तापल्यावर काटा १.७ च्या वर जात नाही. आई रोज चहाआधी तो बघते आणि सोबत आणलेल्या कालनिर्णयवर, घरी दुधाचा हिशेब लिहायची तसं, पेन्सिलीनं मांडते. काल १.३. आज १.३.