माँटगोमेरीच्या टेकडीवर

अटलांटाहून मोटारीने अडीच तास नैर्ऋत्येला गेले की अलाबामा राज्याची राजधानी माँटगोमेरी लागते. आपल्याकडे हे नाव रोझा पार्क्स आणि १९५५ च्या बस-बहिष्कारामुळे ठाऊक असते. मी मात्र गेले होते ते टेकडीवरचे एक स्मारक पाहायला. वकील ब्रायन स्टीव्हनसन यांच्या 'इक्वल जस्टिस इनिशिएटिव्ह' या संस्थेने उभारलेले हे स्मारक २६ एप्रिल २०१८ रोजी खुले झाले. १८७७ ते १९५० या काळात गोऱ्यांच्या झुंडींनी, अनेकदा झाडाला फाशी देऊन, बळी घेतलेल्या ४,४०० हून अधिक कृष्णवर्णीयांचे ते स्मारक आहे.

छपराखाली गंजाच्या रंगाचे आठशेहून अधिक पोलादी खांब आहेत. प्रत्येक खांब एका काउंटीचा, म्हणजे तिकडच्या जिल्ह्याचा, आणि त्यावर तिथे मारल्या गेलेल्यांची नावे व तारखा कोरलेल्या. जिथे नावही उरले नाही तिथे 'अज्ञात'. सुरुवातीला ही नावे डोळ्यांसमोर असतात. पुढे फरशी उतरत जाते, खांब मात्र त्याच उंचीवर राहतात, आणि वळण घेईपर्यंत ते आपल्या डोक्यावर टांगलेले असतात. वाचायला मान वर करावी लागते, तशीच, जशी झाडाखाली जमलेल्या त्या गर्दीने केली असेल. हे ध्यानात आल्यावर मला पुढे वाचवेना.

भिंतीलगतच्या पाट्यांवर बळींचे 'गुन्हे' दिले आहेत. जेसी थॉर्नटन यांना १९४० मध्ये लुव्हर्न गावी मारले, कारण त्यांनी एका गोऱ्या पोलिसाला 'मिस्टर' म्हटले नाही. एलिझाबेथ लॉरेन्स यांना १९३३ मध्ये बर्मिंगहॅमजवळ मारले. दगड मारणाऱ्या गोऱ्या मुलांना त्या रागावल्या होत्या. त्या काळची बरीच वृत्तपत्रे मात्र बळीला आधीच नराधम ठरवून मोकळी होत. कृष्णवर्णीय पत्रकार आयडा बी. वेल्स यांनी १८९२ पासून या बातम्यांमागचे खरे शोधून छापले, तेव्हा मेम्फिसमधील त्यांच्या वृत्तपत्राची कचेरीच उद्ध्वस्त करण्यात आली. माँटगोमेरीच्या 'ॲडव्हर्टायझर' या दैनिकाने आपल्या जुन्या वार्तांकनातल्या चुकीची जाहीर कबुली दिली ती थेट २०१८ मध्ये, स्मारक खुले झाले त्याच दिवशी. उशिरा का होईना, ती दिली हे मी मोलाचे मानते.

खांबांखालून चालताना मला जोतीराव फुले आठवत राहिले. १८७३ मध्ये त्यांनी 'गुलामगिरी' अर्पण केली ती गुलामांना दास्यमुक्त करणाऱ्या अमेरिकेतील सदाचारी लोकांना. त्यानंतर चारच वर्षांनी दक्षिणेतल्या मुक्त झालेल्यांच्या पाठीशी उभे असलेले संघराज्याचे सैन्य मागे घेतले गेले. या स्मारकाची मोजणी सुरू होते ती त्याच वर्षापासून. त्या अर्पणपत्रिकेतला विश्वास आणि हे खांब यांची सांगड मला घालता आली नाही.

बाहेर हिरवळीच्या कडेला प्रत्येक खांबाची एक प्रतिकृती शवपेटीसारखी आडवी ठेवलेली आहे. ज्या त्या काउंटीने ती आपल्या गावी न्यावी, ही अपेक्षा. मी गेले तेव्हा रांगांच्या रांगा तिथेच होत्या. जॉर्जियाच्या रांगेत मी फुल्टन काउंटी शोधली, म्हणजे अटलांटा. सप्टेंबर १९०६ मध्ये तिथल्या सायंदैनिकांनी कृष्णवर्णीयांनी गोऱ्या स्त्रियांवर हल्ले केल्याच्या, कोणतीही शहानिशा न केलेल्या बातम्या जादा अंकांवर जादा अंक काढून विकल्या, आणि त्या रात्रीपासून उसळलेल्या हिंसाचारात किमान २५ कृष्णवर्णीय मारले गेले. सकाळी आम्ही त्याच शहरातून निघालो होतो, आणि संध्याकाळी तिथेच परतायचे होते.