खनिज कुठून तुटतं ते बघा

उमरेडचा कोळसा आणि मनसरचं मँगनीज, नागपूरकरांच्या तोंडी दोन्ही खनिजंच. १९५७ च्या खाण आणि खनिज कायद्यातही कोळसा खनिजांतच मोडतो. भूशास्त्राच्या हिशेबात मात्र तो बसत नाही. खनिज नैसर्गिक, घन आणि अजैविक हवं, त्याची रासायनिक घडण ठरलेल्या मर्यादेत हवी आणि अणूंची मांडणी नियमित हवी. कोळसा झाडापाल्यापासून झालेला, त्याला ना ठरलेलं सूत्र ना स्फटिकरचना. मनसरच्या धातुकातला (ज्यातून धातू काढतात त्या दगडातला) ब्राउनाइट हे मँगनीजचं खनिज या सगळ्या अटींत बसतं.

मांडणीची अट सगळ्यांत महत्त्वाची, कारण दगडाचे गुण तिथूनच येतात. हिरा आणि ग्रॅफाइट दोन्ही निव्वळ कार्बन, तरी एक काच कापतो आणि दुसरा कागदावर उमटतो.

विद्यार्थी इथेच अडखळतात. अणूंना जोडणारे बंध मजबूत म्हणजे खनिज कठीण, असं ते धरून चालतात. प्रत्यक्षात ओरखडा काढताना सगळ्यांत कमजोर बंध आधी तुटतात, आणि काठिण्य त्यांच्यावर ठरतं. गारगोटीतला सिलिकॉन-ऑक्सिजनचा सहसंयुज बंध, म्हणजे इलेक्ट्रॉन वाटून घेणारा, अभ्रकातही आहे. पण अभ्रकात तो थरापुरताच. दोन थरांमध्ये पोटॅशियमच्या आयनांची, म्हणजे विद्युतभारित अणूंची, ढिली पकड असते, म्हणून नखाने पापुद्रे सुटतात. गारगोटीत प्रत्येक ऑक्सिजन दोन सिलिकॉनमध्ये वाटलेला, चहूबाजूंनी सारखाच घट्ट. कमजोर प्रतल, म्हणजे सहज सुटणारी सपाट पातळी, नाहीच, त्यामुळे काठिण्य मोहसच्या १ ते १० च्या मापात ७ आणि फुटल्यावर शिंपल्यासारखा वक्र भंग.

हे सगळं एकाच तुकड्यात बघायचं असेल तर भंडारा जिल्ह्यातला कायनाइट घ्या. निळसर, लांबट पात्यासारखा स्फटिक. खिशातल्या सुरीने लांबीच्या दिशेने ओढा, ओरखडा उठतो. काठिण्य साधारण ५. तीच सुरी आडवी ओढा, काही उठत नाही, काठिण्य ६.५ ते ७. ॲल्युमिनियम-ऑक्सिजनच्या साखळ्या लांबीच्या दिशेने जातात. आडवं ओरखडताना त्या तोडाव्या लागतात, उभं ओरखडताना सुरी त्यांच्या मधून वाट काढते. भट्टीच्या विटांसाठी हाच कायनाइट आधी भाजून घेतात, कारण खूप तापला की त्याचं म्युलाइट हे वेगळं खनिज होतं आणि तो फुगतो. कच्चाच घातला तर वीट तडकते.

चाचणी नेहमी ताज्या फुटलेल्या पृष्ठावर करा. हवामानाने कुजलेली साल सगळ्यांनाच मऊ ठरवते. ओरखडा दिसला की बोटाने पुसून बघा: गारगोटीवर सुरीचंच पोलाद घासून राखाडी रेघ उमटते, ती पुसली जाते. खरा ओरखडा राहतो.

नागपूरच्या पश्चिमेकडच्या काळ्या दगडाच्या पोकळ्यांत पांढरं काही सापडलं तर रंगावरून नाव देऊ नका. गारगोटीवर सुरी चालत नाही. कॅल्साइटवर सहज चालते आणि तो तीन दिशांनी तिरक्या ठोकळ्यांत फुटतो, कारण कॅल्शियम आणि कार्बोनेट यांच्यातले आयनिक बंध त्या प्रतलांवर सुटतात. १० टक्के हायड्रोक्लोरिक आम्लाचा थेंब टाकताच तो फसफसतो. आम्ल पातळ करताना पाण्यात आम्ल ओता, उलटं नको, आणि चष्मा लावा.

देवलापारकडचा डोलोमाइट, म्हणजे कॅल्शियमसोबत मॅग्नेशियम असलेला कार्बोनेट, या चाचणीत फसवतो. लहान मॅग्नेशियम आयन कार्बोनेटला जास्त घट्ट धरून असतो, त्यामुळे अखंड तुकड्यावर थेंब जवळजवळ गप्प बसतो. सुरीने थोडी पूड खरवडा आणि तिच्यावर थेंब टाका. बुडबुडे सावकाश येऊ लागतात.